तार पंचमापर्यंत

नाट्यसंगीताच्या मैफलीत टाळी कुठे पडणार हे जाणकाराला आधीच सांगता येतं. पद मध्य सप्तकात कितीही देखणं चाललेलं असो, सभागृह वाट बघत असतं ती गाणारा तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकाचा सा, ओलांडून गंधार-पंचमाकडे कधी झेप घेतो याची. तो गेला, तिथं चार मात्रा ठरला, की उरलेल्या ओळीकडे कुणाचं लक्ष नसतं. कोल्हापुरात तर हे जरा जास्तच. आमच्याकडे खडा आवाज म्हणजेच आवाज. पोवाडा असो, भजन असो, नाटकातलं पद असो, 'काय टीप लागली!' याच्यापुढे दुसरी दाद नाही.

मला ही दाद मनापासून आवडते. उंच सुरात एक धाडस असतं आणि ते ऐकणाऱ्याच्या छातीत उतरतं. पण हल्ली अशी टाळी पडत असताना माझी नजर गाणाऱ्याच्या गळ्याकडे जाते. मानेच्या शिरा फुगल्यात का? हनुवटी आढ्याकडे चाललीय का? खांदे कानांना भिडतायत का? सुराबरोबर अख्खा माणूस वर ओढला जात असेल, तर त्या सुराची किंमत कुठंतरी मोजली जातेय, हे आता मला दिसायला लागलंय. चाळिशी उलटल्यावर मी तार सप्तकाचं काम शिकायला लागले, तेव्हापासूनचं हे.

या किमतीची सगळ्यांत करुण गोष्ट पॅरिसची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिथले टेनर, म्हणजे पुरुषांतले उंच आवाजाचे, गायक वरचे सूर हलक्या, पातळ आवाजात घेत. आपण ज्याला खोटा आवाज म्हणतो, त्याच्या जवळचं ते गाणं. अदोल्फ नूरी हा पॅरिस ऑपेराचा लाडका टेनर याच पद्धतीनं गायचा. 1829 साली रोसिनीच्या 'विल्यम टेल'मधली टेनरची मुख्य भूमिका पहिल्यांदा रंगमंचावर आणली ती त्यानंच. दोन वर्षांनी, 1831 मध्ये, इटलीतल्या लुक्का गावी झिल्बेर द्युप्रे या दुसऱ्या फ्रेंच गायकानं त्याच भूमिकेतला वरचा 'सी' भरल्या छातीच्या आवाजात लावला. खुद्द रोसिनीला ते रुचलं नाही. गळा कापलेल्या कोंबड्याच्या ओरडण्यासारखा हा सूर आहे, असं तो म्हणाल्याचं सांगतात. श्रोत्यांचा कौल मात्र उलटा पडला. 1837 मध्ये द्युप्रे पॅरिसला आला आणि लोक त्या एका सुरासाठी वेडे झाले. नूरीनं पॅरिस सोडलं, नेपल्स गाठलं आणि पस्तिशीच्या वयात नव्या पद्धतीनं आवाज लावायला शिकू लागला. नवा आवाज पुरता आला नाही, जुना हलका नाजूक आवाज मात्र हातचा गेला. त्यात आजारपण, त्यात निराशा. मार्च 1839 मध्ये त्यानं नेपल्समध्येच जीव दिला. आणि जिंकलेल्या द्युप्रेचा आवाज? दहाएक वर्षांत त्यालाही उतरती कळा लागली. पुढचं आयुष्य त्यानं शिकवण्यात घालवलं.

तो 'सी' म्हणजे सेकंदाला 523 कंपनं. पेटीवर हिशेब केला तर मजा येते: काळी चारचा, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज धरून गाणाऱ्या बाईचा तार सप्तकातला शुद्ध गंधार हाच नेमका तो सूर. आमच्याकडे नाट्यपदं गाणाऱ्या कितीतरी बायका रोज जिथं जाऊन येतात ती ही जागा. पुरुषाच्या गळ्याला ती फार लांब पडते, बाईला तेवढी नाही, हे खरं. पण भरल्या आवाजात, हलकं न होता तिथं जायचं म्हटलं तर बाईलाही ते सोपं नाही. 1930 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एथेल मर्मन नावाची बावीस वर्षांची मुलगी एका संगीतिकेत उभी राहिली आणि हाच सूर तिनं सोळा बार, म्हणजे तालाचे सोळा खंड, धरून ठेवला. खाली वाद्यवृंद गाण्याची चाल वाजवत राहिला. समोर माइक नव्हता. गाण्याची रीतसर तालीम तिनं कधी घेतली नव्हती. आणि 1982 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तीच बाई कार्नेगी हॉलमध्ये गात होती. सूर एकच. एकाचा त्यापायी सगळा संसार गेला, दुसरीला तो म्हातारपणीही सोडून गेला नाही. या दोघांच्या मधल्या जागेत काय आहे, ते मला शिकायचं होतं.

आपल्या संगीत नाटकानं हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर हाताळला आहे, आणि त्याची पुरेशी नोंद आपण ठेवली नाही याचं मला वाईट वाटतं. 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं तेव्हापासून पुढची अनेक दशकं गायक नट ध्वनिक्षेपकाशिवाय गायले. मंडपात किंवा पत्र्याच्या थिएटरात शेकडो माणसं, रात्रभर चालणारं नाटक, आणि आवडलं की वन्स मोअर. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द पोचला नाही तर कंपनीचं पोट चालायचं नाही. म्हणून पट्टी चढी. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या आवाजाच्या ज्या आठवणी जुन्या माणसांनी लिहून ठेवल्यात त्यात पहिला शब्द आवाजाच्या उंचीचा आणि धारेचा असतो. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. अजून मराठी माणूस त्या रात्रीबद्दल बोलतो. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, विषमज्वरानं. ते आमच्या कोल्हापूरचे. त्यांच्या नावाचं नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळालं, तेव्हा रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

या सगळ्या थोरांच्या गोष्टींत एक धोका असतो. ज्यांचे आवाज टिकले त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो. चढ्या पट्टीत गाऊन पंचविशीतच ज्यांचा घसा कायमचा बसला, ती पोरं कंपनीतून घरी गेली आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. 'जुन्या काळी बघा, माइकशिवाय गायचे' असं कुणी ऐकवलं की मला ती नाव नसलेली पोरं आठवतात.

माझ्या गाण्याच्या बाई जयपूर घराण्याच्या तालमीतल्या. सत्तरी जवळ आलीय, बांधा किरकोळ, बोलण्याचा आवाज इतका हळू की फोनवर दोनदा विचारावं लागतं. आणि तार पंचम लावला की खिडकीची काच थरथरते. मी त्यांच्याकडे गेले ते नाट्यपदं शिकायला. कित्येक महिने त्यांनी मला तार षड्जाच्या वर जाऊ दिलं नाही. मग एक दिवस म्हणाल्या, "आता वरचं काम सुरू करू. पण त्याआधी घसा एकदा दाखवून ये. आत काय आहे ते न बघता मी तुला वर नेणार नाही."

घसा कसला दाखवायचा, मला काही होत नव्हतं. तरी गेले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला. घशात कडू चव उतरली आणि गिळताना आपलं गिळणं आपल्याला कळेना. मग बारीक, लवचिक दुर्बीण नाकातून आत गेली आणि समोरच्या पडद्यावर माझा स्वतःचा गळा उघडला. खाली काळोखी श्वासनळी, तिच्यावर दोन शुभ्र पट्ट्या, म्हणजे स्वरतंतू. मोत्यासारख्या पांढऱ्या, ओलसर चमकणाऱ्या. श्वास घेतला की इंग्रजी 'व्ही'सारख्या फाकायच्या, 'ई' म्हटलं की मिटायच्या. माझ्या हाताच्या करंगळीच्या नखाएवढा तो ऐवज, आणि त्याच्यावर माझं सगळं गाणं उभं! बाईमाणसाच्या स्वरतंतूंची लांबी ढोबळमानानं 11 ते 15 मिलिमीटर असते, पुरुषाच्या 17 ते 21.

डॉक्टरांनी मानेला एक छोटा माइक लावला आणि दिवा बदलला. स्वरतंतू इतक्या वेगानं हलतात की डोळ्याला नुसतं धुकं दिसतं. हा दिवा सुराच्या वेगापेक्षा किंचित मागेपुढे चमकत राहतो, म्हणून ती हालचाल संथ झाल्यासारखी दिसते. "खालचा सा म्हणा," ते म्हणाले. पट्ट्या आखूड, जाड झाल्या, एकमेकींवर भरीव लाटेसारख्या आपटत राहिल्या. "आता चढत जा." मी मध्य सप्तकातून वर निघाले आणि पडद्यावर त्या पट्ट्या लांब व्हायला लागल्या. ताणल्या, पातळ झाल्या, कडा धारदार झाल्या. तार षड्जाला आदळणं संपून नुसती कडेची थरथर उरली होती. तिथं त्या सेकंदाला चारशे पंधरा वेळा एकमेकींना भेटत होत्या. मी तसाच जोर लावून रिषभ घ्यायला गेले, तर बाजूच्या गुलाबी भिंती आत सरकल्या आणि पट्ट्या झाकून गेल्या. "हे बघितलंत?" डॉक्टर म्हणाले. "हा घसा आवळला. सूर आला, पण हे आवळणं त्यात नको होतं." मग त्यांनी तोच रिषभ हळू म्हणायला लावला. भिंती मागे गेल्या. पट्ट्या पुन्हा दिसायला लागल्या.

पुस्तकातलं शंभर वेळा वाचून जे कळलं नसतं ते त्या मिनिटभरात दिसलं. गळ्याच्या या दर्शनाची सुरुवात एका गाणं शिकवणाऱ्यानंच केली होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गानशिक्षकानं 1854 मध्ये दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध गेला. आज जगभरचे घशाचे डॉक्टर जे पाहतात ते पाहण्याची ओढ आधी गाण्यातल्या माणसाला लागली.

पट्ट्या जाड करणारे स्नायू वेगळे आणि ताणणारे वेगळे. खाली जाड करणाऱ्यांचं राज्य, वर ताणणाऱ्यांचं. मधल्या एका पट्ट्यात कारभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि नेमका तिथं आवाज चिरकतो. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाला हे बहुतेक तार गंधार-मध्यमाच्या आसपास भेटतं, काळी चारच्या बाईला मध्य पंचमापासून तार षड्जापर्यंत कुठंही. खालचा जाडपणा जसाच्या तसा वर रेटला की सूर जोरकस लागतो, टाळी मिळते, पण ताणणाऱ्या स्नायूला दुप्पट झगडावं लागतं. फुप्फुसातून जास्त दाब द्यावा लागतो. तंतू एकमेकांवर अधिक जोरानं आपटतात. तार पंचमाला सेकंदाला सुमारे 622 आपट. रोज, तासन् तास. ज्या जागी आपट सगळ्यांत जास्त, म्हणजे साधारण तंतूंच्या मोकळ्या भागाच्या मधोमध, तिथं आधी सूज येते, मग घट्टे धरतात. दोन्ही बाजूंना समोरासमोर. त्यांनाच डॉक्टर नोड्यूल म्हणतात. मग तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा जाते, आवाज घोगरा होतो, आणि गाणारा तो घोगरेपणा झाकायला आणखी जोर लावतो.

म्हणजे शिकायचं ते हे: वर जाताना जाडपणा थोडा थोडा सोडत जायचं, तरी सूर पातळ पडू द्यायचा नाही. सांगायला एक वाक्य, गळ्यात उतरायला वर्षं.

बाईंचा मार्ग खर्जापासून, म्हणजे अगदी खालच्या सुरांपासून, सुरू होतो. पहाटे तंबोरा, मंद्र पंचमापर्यंत सावकाश उतरणं, एकेका सुरावर श्वास संपेपर्यंत थांबणं. 'खर्ज भरल्याशिवाय टीप नाही' हे आपल्याकडे सगळे गुरू सांगतात. खर्जानं वरचा पल्ला आपोआप वाढतो असं मला वाटत नाही. पण खाली, जिथं जोर लावून काही मिळतच नाही, तिथं गळा सैल ठेवून सूर उचलायची सवय लागते आणि दमसास तयार होतो. तीच सवय वर न्यायची असते. खर्जही ओढूनताणून, घसा दाबून केला तर त्रासच देतो. तासभर खर्ज घोटून दिवसभर खरखरत बोलणारे विद्यार्थी मी पाहिलेत.

मग नळीचा प्रकार. अर्धा पेला पाणी, त्यात शीतपेयाची नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि तोंडानं नळी धरून सूर काढायचा. मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत मींडेनं, म्हणजे न तुटता घसरत, जायचं आणि तसंच परत यायचं. पाण्यातले बुडबुडे तुटता कामा नयेत. परदेशातल्या आवाजतज्ज्ञांकडून हा व्यायाम आता जगभर पोचलाय. त्यामागचं कारण असं की ओठांशी वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागं, तंतूंकडे परततो आणि त्यांना कमी आपटून कंप पावायला मदत करतो. बाईंना ते ऐकून अजिबात नवल वाटलं नाही. "आम्ही तोंड मिटून हुंकारानं तेच करायचो," त्या म्हणाल्या. नळी मात्र त्यांना आवडली, कारण बुडबुडे खोटं बोलत नाहीत. वर जाताना मी जोर लावला की पाणी उसळून पेल्याबाहेर येतं. माझ्या सतरंजीवर त्याचे डाग आहेत.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची: उंच सुराकडे वरून यायचं. बाई मला तार षड्ज खालून चढून घेऊ देत नसत. आधी तार गंधार अगदी हलक्या, बारीक आवाजात, जवळजवळ खोट्या आवाजात. तिथून मींडेनं रिषभ, मग षड्ज, आणि षड्जावर आल्यावर हळूहळू आवाज भरायचा. भरताना गळा आवळला की पुन्हा बारीक. असं वर-खाली नाही, लहान-मोठं करत एकच सूर घोटायचा. युरोपातले जुने गानगुरूही एकाच सुरावर बारीक ते मोठा आणि पुन्हा बारीक असा व्यायाम देत. गळे सगळीकडे सारखेच. नूरीला हे कुणी सावकाश करायला दिलं असतं तर, असं मला उगाच वाटत राहतं. त्याला वेळ नव्हता. पॅरिसला तो सूर लगेच हवा होता.

स्वराकाराचंही एक शास्त्र आहे. 'ई' आणि 'ऊ' म्हणताना तोंडातली पोकळी ज्या खालच्या कंपनांना साथ देते ती साधारण तीनशे-चारशेच्या घरात असतात. आपण गातोय सहाशेवर. मग साथ मिळणार कशी? तिथं 'ई' तसाच दाबून धरला तर सूर गुदमरतो आणि गळ्यालाच सगळं ओझं उचलावं लागतं. म्हणून जबडा खाली सोडायचा, 'ई' जरा 'ए'कडे झुकवायचा. ऐकणाऱ्याला तो 'ई'च ऐकू येतो. बाई अंगठा आणि तर्जनी माझ्या जबड्याच्या सांध्यावर ठेवतात. पंचमाला तिथं खळगा पडला पाहिजे. पडला नाही तर तोंडानं काही न बोलता तंबोरा खाली ठेवतात.

आणि आवाज मोठा असणं वेगळं, पोचणं वेगळं. माणसाचा कान साधारण तीन हजार कंपनांच्या आसपास सगळ्यांत तीक्ष्ण असतो. तयार गळ्याच्या सुरात मूळ कंपनाबरोबर त्या पट्ट्यातली कंपनं ठळक असतात. आपण त्याला धार म्हणतो, आवाजाला जवारी आहे म्हणतो. युरोपात योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकानं ऑपेरा गायकांच्या बाबतीत हे मोजून दाखवलं: वाद्यवृंदाची ताकद खालच्या कंपनांत असते आणि तीन हजारांपाशी गायकाला वाट मोकळी मिळते. म्हणून किरकोळ बांध्याच्या बाईंचा आवाज काच हलवतो. आपल्याकडे आवाजाकडे असं शास्त्रानं पाहण्याची वाट मिरजेत जन्मलेल्या बी. आर. देवधरांनी घातली आणि अशोक रानड्यांनी ती पुढे नेली. प्रत्येक गायन क्लासच्या भिंतीवर या दोघांची तसबीर असायला हवी.

बाईंचा एक नियम मला सुरुवातीला जाचायचा. तार षड्जाच्या वरचं काम एका वेळी दहा मिनिटं, मग तेवढाच वेळ गप्प. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजताना गळा उलट जास्त आवळला जातो. खाकरायचं नाही, पाणी पी आणि गिळ. आणि रोज रियाजाआधी एक परीक्षा: तार सप्तकात एखादी ओळ अगदी हळू, बाळ झोपलंय असं समजून म्हणायची. सूर चटकन उमटला तर काम करायचं. आधी हवा आणि मागून सूर असं झालं तर तंतू सुजलेत, आज वर जायचं नाही. हा हळू सूर फार प्रामाणिक असतो. मोठ्या आवाजात झाकलं जाणारं सगळं त्यात उघडं पडतं.

मध, ज्येष्ठमध, खडीसाखर यांच्याविषयी आपल्याकडे भारी श्रद्धा. घशाला बरं वाटतं, मीही चघळते. पण यांतलं काहीच स्वरतंतूंना शिवत नाही. शिवलं तर ठसका लागेल. पाणीसुद्धा अन्ननळीतून शरीरात जातं आणि मग तासा-दोन तासांनी त्यांना ओलावा मिळतो. म्हणून कार्यक्रमाच्या आधी घटाघटा पिण्यात फारसा अर्थ नाही, दिवसभर प्यायला हवं. वाफ मात्र थेट पोचते. रात्री कार्यक्रम संपवून बाराला भरपेट तिखट जेवून झोपणं, हे गाणाऱ्यांच्या घशाचं मोठं दुखणं. पोटातलं आम्ल वर येऊन तंतू पोळतात. ताप उतरवायला अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेऊन टिपेचं गाणं गाणंही धोक्याचं, तंतूंवरची केशवाहिनी फुटू शकते. आणि पाळीच्या दिवसांत तंतूंना सूज असते. युरोपातल्या काही ऑपेरागृहांत पूर्वी गायिकांना त्या दिवसांत न गाण्याची सवलत असे. आमच्याकडे गणपतीच्या दहा दिवसांत कोण विचारतो? आवाज बसून दोन-तीन आठवडे सुटला नाही तर काढे थांबवून गळा दाखवायचा, एवढं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

अति गाण्यानं काय होतं याचं उदाहरण आमच्या घराण्याच्या मुळाशीच आहे. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातल्या दरबारात होते तेव्हा अतोनात गावं लागल्यानं त्यांचा आवाज गेला, सुमारे दोन वर्षं. परतला तेव्हा तो पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी बांधली, ती घेऊन ते शाहू महाराजांच्या दरबारी कोल्हापुरात आले, आणि त्यातून मोगूबाई, केसरबाईंसारख्या गायिका घडल्या. आमच्या बाई हे सांगतात तेव्हा कौतुकाच्या आधी त्यांच्या आवाजात दुःख असतं. "गायकी मिळाली गं आपल्याला. पण तो पहिला आवाज कुणी ऐकला नाही."

शाहिरांच्या फडात एक शहाणपण मला दिसतं. मुख्य शाहीर खड्या आवाजात कडवं म्हणतो आणि मागचे झीलकरी 'जी जी' करून वरचा सूर ओढून धरतात. ऐकणाऱ्याला वाटतं टीप अखंड चाललीय. मधल्या वेळात शाहिरानं श्वास भरून घेतलेला असतो, घोट गिळलेला असतो. उघड्या माळावर रात्र काढायची तर एका गळ्यावर ओझं टाकून चालणार नाही, हे त्यांनी केव्हाच ओळखलेलं आहे.

हे शहाणपण आता हरवत चाललंय आणि त्याचा मला राग येतो. गावोगावी कराओके मंडळं निघालीत. हौस फार चांगली आहे, पण ट्रॅकची पट्टी म्हणजे जणू कायदा. मूळ गायिकेनं ज्या पट्टीत गायलं त्याच पट्टीत, साठीच्या मावशी, मानेच्या शिरा ताणून. मोबाइलवर पट्टी दोन सूर खाली घेता येते, एक बटण असतं; ते दाबण्यात कमीपणा कसला? आणि मुलांच्या स्पर्धा! तिथं तर परीक्षकच 'अजून चढव' म्हणतात.

बाईंकडे चौथीतली एक मुलगी येते. गेल्या हिवाळ्यात स्पर्धेच्या तोंडावर आली ती घोगऱ्या आवाजात. सोबत आई.

"बाई, काळी पाचच ठेवूया ना. मागच्या वर्षी पहिली आलेली मुलगी काळी पाचला गायली होती."

बाईंनी मुलीला जवळ घेतलं. "तार सा हळू म्हण बाळ." मुलीच्या गळ्यातून आधी हवा आली, मग तुटका सूर. पुन्हा म्हणायला लावलं. तेच.

"ऐकलंत ना?" बाई आईला म्हणाल्या. "ही स्पर्धा नाही करायची. पंधरा दिवस गाणं बंद, शाळेत ओरडणं बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. मग पांढरी चारला बसवू."

आईचे डोळे भरले. फॉर्म भरलेला, ड्रेस शिवलेला, आजी-आजोबा गावाहून येणार. बाईंनी तिला पाणी दिलं, खूप वेळ समजावलं, पण शब्द बदलला नाही. मुलगी मात्र सुटल्यासारखी अंगणात पळाली. हल्ली ती पांढरी चारला गाते. तार गंधारावर तिचा जबडा असा सैल सुटतो की मला हेवा वाटतो.

मुलग्यांचं आणखी वेगळं. बारा ते सोळाच्या दरम्यान आवाज फुटतो, तंतू थोड्या महिन्यांत लांब आणि जाड होतात, आणि कालपर्यंत काळी चारला गाणारा पोरगा एका रात्रीत परका होतो. त्या काळात त्याला जुन्याच पट्टीत ओढत ठेवणं हा निव्वळ अत्याचार आहे. सवाई गंधर्वांचा आवाज असाच फुटून जड झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत त्यांनी तो मेहनतीनं पुन्हा घडवला. मैफलीत तापायला वेळ घेणारा तो आवाज एकदा उघडला की लोक जागचे हलत नसत, असं सांगतात.

माझं म्हणाल तर तार पंचम आता लागतो. रोज लागत नाही. सर्दी झाली, झोप अपुरी झाली, ऑफिसात दिवसभर बोलणं झालं, की मध्यमापाशी वाट थांबते आणि मी तिथून परत फिरते. लागतो त्या दिवशी गळ्यात काहीच घडत नाही, हे मला अजून अद्भुत वाटतं. सगळं काम कमरेपाशी आणि कपाळामागं कुठंतरी चाललेलं असतं. मधली जागा रिकामी, थंड. पूर्वी मी समजत होते की एवढ्या उंच सुराला अंग थरथरायला हवं.

दिवाळीनंतर आमच्या मंडळाचा नाट्यपदांचा कार्यक्रम आहे. पेटीवाले काका काळी चारवर अडून बसले होते, कारण पदाची 'मूळ' पट्टी तीच. बाईंनी मला पांढरी पाचला आणलंय, अर्धा सूर खाली. काकांनी दोनदा नाराजी दाखवली आणि मग तालमीला स्वतःच पांढरी पाचवर बोट ठेवून बसले. पदात तार पंचम एकदाच येतो, दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी. तालमीत तो मी अर्ध्या आवाजातच घेते. पूर्ण आवाजात कार्यक्रमाच्या दिवशी, आणि तोही सकाळी हळू म्हटलेली ओळ साफ उमटली तर. नाही उमटली तर षड्जावर थांबायचं, हे काकांना आणि तबलजींना आधीच सांगून ठेवलंय.